हापसा, नारू, बुळकांडी आणि दक्षिण सुदान: परदेशी मदतीनं शांतता येते का?

हापसेवाला (जालना)

अमेरिकेनं २०२५ च्या सुरुवातीला परदेशी मदत गोठवली तेव्हा इथं दुसऱ्या एका धाग्यावर चांगलीच जुंपली होती. "बरं झालं, खैरात बंद" पासून "आता लाखोंचे जीव जाणार" पर्यंत सगळं लिहून झालं, पण एकानंही कुठल्या देशाचं नाव घेऊन बोलायची तसदी घेतली नाही. म्हणून हा वेगळा धागा. देश एकच घेऊ, दक्षिण सुदान. तोच का, ते खाली येईल.

सुदान आणि दक्षिण सुदान यांत बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून आधी थोडी माहिती. सुदानची राजधानी खार्टूम. तिथलं सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर यांच्यात दोन मोठी युद्धं झाली. दुसरं १९८३ ला पेटलं ते ९ जानेवारी २००५ च्या करारानं थांबलं. जानेवारी २०११ मध्ये सार्वमत झालं, जवळपास ९९ टक्के लोकांनी वेगळ्या देशाला कौल दिला आणि ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. अडीच वर्षं होत नाहीत तोच, डिसेंबर २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनीच पदावरून काढलेले उपाध्यक्ष रिएक माचार यांच्या बाजूचे सैनिक राजधानी जुबामध्येच एकमेकांवर तुटून पडले. पुढच्या पाचेक वर्षांत लढाई, उपासमार आणि रोगराई मिळून ३ लाख ८० हजारांवर माणसं गेली असा लंडनच्या संशोधकांचा अंदाज आहे. २०१५ चा करार वर्षभरात मोडला. सप्टेंबर २०१८ चा त्यापेक्षा बरा टिकला, पण त्याचीही आता दशा झालीये.

आता हापसा. माझी सगळी नोकरी पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात गेली. आपण ज्याला सरकारी हापसा म्हणतो तो 'इंडिया मार्क टू'. याचं मूळ आपल्या जालन्यात आहे, हे जालन्यातल्याच लोकांना सांगावं लागतं. साठच्या दशकात इथं चर्च ऑफ स्कॉटलंडचं मिशन बोअर मारायचं. त्या काळचे बिडाचे हापसे घरगुती वापराचे होते. गावानं दिवसभर हापसायला घेतले की महिन्या-दोन महिन्यांत दांडा मोडायचा नाहीतर खिळ निसटायची. मिशनच्या लोकांनी सांधे कमी करून एकाच खिळीवर फिरणारा दांडा बसवला. तो जालना पंप. त्यातून पुढे सोलापूर पंप, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा एक सरकारी कारखाना यांनी मिळून मार्क टू पक्का केला. म्हणजे परदेशी पैसा, परदेशी मिशन, आणि खालचं सगळं डोकं व हात इथलेच. आज आफ्रिकेत कितीतरी देशांत हाच हापसा आहे. दक्षिण सुदानच्या खेड्यांतही निळ्या-राखाडी रंगाचा जो पंप फोटोत दिसतो तो बहुतेक वेळा हाच. फोटो मोठा करून बघा, दांडा ओळखू येतो.

हापशाच्या मागोमाग नारू आलाच. पन्नाशीच्या पुढच्यांना सांगायला नको. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरून पाणी भरायचं, आणि ज्याच्या पायाला नारू झालाय तोही त्याच पाण्यात पाय घालायचा. वर्षभरानं पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि आतून पांढरा दोऱ्यासारखा किडा डोकवायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. ओढताना तुटला की पाय सुजून माणूस ऐन पेरणीत खाटेवर. यावर ना लस, ना गोळी. पाणी गाळून पिणं आणि पाण्यात पाय न घालणं एवढाच इलाज. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा. २००० साली आपल्याला नारूमुक्त म्हणून दाखला मिळाला.

दक्षिण सुदानात हा रोग सगळ्यात जास्त होता आणि युद्धामुळं गावात जाता येत नव्हतं. १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी दोन्ही बाजूंना नारूसाठी लढाई थांबवायला लावली. ती साधारण सहा महिने थांबली. त्या काळात घरोघर पाणी गाळायची फडकी वाटली, पोरांना लसी टोचल्या. किड्यासाठी बंदुका खाली ठेवल्या गेल्याचं हे एकमेव उदाहरण असावं. २००६ साली तिथं नारूचे २०,००० वर रुग्ण मोजले गेले, २०१६ मध्ये ६. आणि यातली शेवटची तीन वर्षं देशात यादवी चालू होती, हे विसरू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की मदतीनं शांतता विकत घेता येत नाही. मदत वेळ देते आणि भांडणाऱ्यांना एका जागी बसायला निमित्त देते. ते निमित्त गावातल्या माणसाच्या हातात असलं तर काहीतरी उरतं. वरच्या सायबांच्या हातात गेलं की मोटारी उरतात.

तुमचं काय म्हणणं? शिव्या चालतील, पण नाव-गाव घेऊन द्या.

काळीमाती (परभणी)

नाना, नारूचं वाचून पायात शिरशिरी आली. आमच्या आज्याच्या पोटरीला खूण होती.

मी ७२ च्या दुष्काळातला. तवा अमेरिकेचा मिलो आला होता. लाल ज्वारी, जाड सालीची. भाकरी थापली की चिरायची, आणि खाल्ली की पोट फुगायचं. "तिकडं डुकराला घालतेत ती आपल्याला धाडली" असं बायका म्हणायच्या. पण खाल्ली. त्यावर जगलो. दुष्काळी कामावर खडी फोडायची, पाझर तलावाची माती टाकायची, दुपारी सुकडी मिळायची. पोरं सुकडीसाठीच आईमागं कामावर यायची.

आता गंमत बघा. दक्षिण सुदानात पण खाणं ज्वारीचंच. तिकडं पिठाचा घट्ट गोळा शिजवतेत, त्याला असीदा म्हणतेत. आणि तिकडं पण अमेरिकेची ज्वारीच जाती. माती पण आपलीच, काळी. पावसाळ्यात ट्रक रुतला की दोन-दोन महिने निघत नाही. म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमवाले विमानातून पोती टाकतेत. पोत्यात पोतं घालून शिवतेत, म्हणजी वरचं फुटलं तरी आतलं राहावं. माणसं माळावर आखलेल्या खुणेपासून लांब थांबतेत, कारण धान्याच्या पोत्याला पॅराशूट नसतंय. ट्रकनं न्यायच्या कितीतरी पट खर्च येतोय म्हणे.

मला सांगायचं ते हे की आम्हाला मिलो मिळाला तवा आमच्याकडं लढाई नव्हती. तहसीलदार होता, मस्टर होतं, मुकादम चोर असला तरी मुकादम होता. धान्य कोणाला द्यायचं ते कळत होतं. तिकडं पोतं पडतंय पण मस्टर नाही.

तेरणाकाठ (धाराशिव)

काळीमाती मामांनी नेमकी दुखरी नस पकडली. मला हापसेवाल्यांचा सूर जरा गोडच वाटतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

दक्षिण सुदानच्या सरकारचं नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पन्न तेलाचं. म्हणजे देश गरीब आहे पण सरकार सुरुवातीपासून गरीब नव्हतं. मग दवाखाने कोण चालवतं? परदेशी संस्था. शाळा? परदेशी संस्था. धान्य? तेच. सरकारचा पैसा कुठं गेला? सैन्याचे पगार, सेनापतींची मर्जी, नैरोबीतले बंगले. बाहेरचे लोक आपल्या पोरांचं पोट भरतायत म्हटल्यावर घरच्या कारभाऱ्याला बंदुका घ्यायला हात मोकळा. मदतीनं युद्ध लांबवलं, असं म्हणणारे शहाणे लोक आहेत आणि ते सगळे खडूस नाहीत.

१९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' सुरू केलं. आदल्या वर्षी दुष्काळ आणि युद्धात अडीच लाख माणसं मेली होती, त्याची लाज वाटून. कल्पना मोठी होती: सरकार आणि बंडखोर दोघांशी करार करून दोघांच्या मुलखात धान्य न्यायचं. पण विमान कुठं उतरणार याची परवानगी खार्टूमच्या हातात, आणि उतरलेल्या धान्यातला वाटा बंडखोरांच्या हातात. १९९८ मध्ये बहर एल गझल भागात पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा हेच झालं. सरकारनं ऐन वेळी विमानं रोखली, आणि पोचलेल्या धान्यावर बंदूकवाल्यांनी आधी हात मारला.

अजून एक. २० फेब्रुवारी २०१७ ला लीर आणि मायेंदित या तालुक्यांसारख्या भागांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. एक लाख लोक मरणाच्या दारात. आणि पुढच्याच महिन्यात सरकारनं काय काढलं? परदेशी मदतकार्यकर्त्यांच्या कामाच्या परवान्याची फी १०,००० डॉलर! बोंब झाल्यावर मागे घेतली. रस्त्यावर आणि नदीवर ठिकठिकाणी नाकी, प्रत्येक नाक्यावर ट्रकवाल्यानं पैसे मोजायचे. म्हणजे धान्य पोटात जाण्याआधी शिपायाच्या खिशात जातं.

आमच्याकडं भूकंपानंतर बाहेरचा पैसा आला होता. त्यावर नंतर लिहितो, जेवायला हाक आली.

हापसेवाला (जालना)

तेरणाकाठ, यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. फक्त एक भर घालतो. २०१७ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला दुष्काळ जूनमध्ये उठवला गेला, तो पाऊस पडला म्हणून नाही. विमानातून, होडीतून, पायी धान्य पोचवलं म्हणून. भूक देशभर वाढतच होती, पण त्या दोन तालुक्यांतली मरणं आटोक्यात आली. नाक्यावर पैसे गेले हे खरं आणि माणसं वाचली हेही खरं. दोन्ही एकाच ट्रकमध्ये असतं.

मांजरा_एक्सप्रेस

आमच्या तालुक्यात मार्चपासून टँकर. ते सोडून आफ्रिकेचं काय घेऊन बसलात राव?

काळीमाती (परभणी)

टँकरच्या लाईनीत उभा राहूनच लिवायलोय बाबा. लाईन मोठीये, येळ हाय.

देवणी_डॉक्टर (उदगीर)

पशुवैद्यक आहे, त्यामुळे माझ्या बाजूनं लिहितो. हापसेवाल्यांनी नारूचं सांगितलं, मी बुळकांडीचं, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीचं सांगतो. माझ्या मते यात जास्त शिकण्यासारखं आहे.

दक्षिण सुदानातल्या डिंका, नुएर, मुर्ले, टोपोसा या जमातींचं सगळं आयुष्य गुरांभोवती फिरतं. लग्नाचा हुंडा मुलाकडून गुरांत द्यायचा, दंड गुरांत, माणूस मारला तर भरपाई गुरांत. उन्हाळ्यात नदीकाठच्या गवतावर गुरांचे तळ पडतात. संध्याकाळी शेणाच्या ढिगांना धुमी देतात, ती राख गुरांच्या अंगाला आणि स्वतःच्याही अंगाला चोळतात, डास-गोमाशा बसू नयेत म्हणून. आपला लाल कंधारीवाला जसा खोंडाच्या शिंगाला तेल लावतो तसा तिथला पोरगा शिंगांना वळण देत बसतो. आणि भांडणाचं मूळही तेच: चराई, पाणवठा आणि गुरांची लूट. पूर्वी भाले होते. युद्धानं हातात एके-४७ दिली, मग लूट म्हणजे कत्तल झाली.

अशा ठिकाणी बुळकांडी शिरली की तळच्या तळ साफ. आणि गुरं मेलेला तरुण शेजारच्या जमातीची गुरं लुटायला निघतो, म्हणजे रोगातून लढाई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर त्या भागात जाऊ शकत नव्हते, गेले तरी बर्फ कुठून आणणार? तेव्हा बर्फाशिवायही बरेच दिवस टिकणारी लस आली होती. युनिसेफ आणि बरोबरच्या संस्थांनी गुराख्यांमधूनच, तळावरच्या लोकांनी निवडून दिलेली माणसं घेतली, त्यांना टोचायला शिकवलं. १९९३ पासून वर्षाला दहा लाखांहून जास्त गुरं त्यांनी टोचली. डॉक्टरांनी नव्हे, गुराख्यांनी, आणि चालू युद्धात.

आता शांततेचा भाग. एका जमातीची गुरं टोचली आणि शेजारची सोडली तर रोग परत येणारच. त्यामुळे टोचायच्या तारखा ठरवायला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बोलावं लागायचं. आज लशीवर बोलले, उद्या पाणवठ्यावर. बुळकांडी जगातून संपल्याची घोषणा २०११ मध्ये झाली, हा देश जन्मला त्याच वर्षी. माणसाच्या देवीनंतर जगातून संपलेला तो दुसराच रोग, आणि त्याच्या शेवटच्या काही ठाण्यांपैकी एक हे होतं.

आपल्या लष्कराचंही सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताची तुकडी तिथं आहे, आणि तिच्याबरोबर पशुवैद्यकीय पथकही. मलाकाल शहरात आपल्या लोकांनी गुरांचा दवाखाना चालवला. माझे एक सीनियर लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये होते, ते सांगायचे की शांतिसेनेची गाडी बघून लोक लांब पळायचे, आणि त्याच गाडीतून गुरांचा डॉक्टर उतरला की आजारी वासरू खांद्यावर टाकून जवळ यायचे. हे सगळं फुकटात झालेलं नाही. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेई भागात ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला, त्यात आपले पाच जवान गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबोच्या तळात शिरून हल्लेखोरांनी आणखी दोघांना मारलं.

शिक्षिका_नांदेड

डॉक्टरसाहेब, सुंदर लिहिलंत. मात्र गुरांच्या हुंड्याचं वाचून एक जाणवलं. जिथं मुलगी म्हणजे घरात येणारी गुरं, तिथं दुष्काळ पडला की मुलीचं लग्न आणखी लवकर. तिथल्या मुलींच्या शाळेबद्दल शोधत होते तर एक योजना सापडली. ब्रिटनच्या पैशातून २०१३ ला सुरू झाली, पुढे इतरही देश आले. पाचवीपासून वरच्या मुलींना थेट रोख रक्कम, शाळेला छोटं अनुदान, आणि हजेरी मोबाइलच्या मेसेजवर. पैसा मंत्रालयात न थांबता मुलीपर्यंत. सुरू झाली त्याच वर्षी युद्ध पेटलं, तरी बंद पडली नाही.

वाचताना आपल्याकडं मानव विकास योजनेत शाळेच्या मुलींना मिळणाऱ्या सायकली आणि निळ्या एसटी आठवल्या. माझ्या शाळेत आठवीनंतर गळणाऱ्या मुली केवळ सायकलीमुळे दहावीला बसल्या. त्या सायकलींवर बापाचा आणि भावाचा डोळा असायचाच, पण कागदावर नाव मुलीचं.

तेरणाकाठ दादांना विचारायचं होतं, तुम्ही भूकंपाचं लिहिणार होतात ना?

तेरणाकाठ (धाराशिव)

लिहितो ताई. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. किल्लारी-सास्तूर पट्ट्यात आठ हजारांच्या आसपास माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जागतिक बँकेच्या कर्जावर पुनर्वसन झालं, आणि त्यात दोन प्रकार होते.

ज्या ५२ गावांचं पूर्ण स्थलांतर झालं तिथं ठेकेदारांनी घरं बांधली. सरळ रेषेत, चौकोनी, शहरातल्या कॉलनीसारखी. रुंद रस्ते. गोठा कुठं, कडबा कुठं रचायचा, चूल कुठं, हे कुणी विचारलं नाही. भावकी एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला. कैक घरांना नंतर पत्र्याची जोड देऊन लोकांनी आपलं आपण अंगण तयार केलं.

आणि ज्या गावांत पडझड कमी होती तिथं पैसा हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या खात्यात. तुमचं घर तुम्हीच दुरुस्त करा, इंजिनिअर फक्त मजबुतीचं बघेल. लाखावर घरं अशी झाली. गावागावांत महिला मंडळातल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या, त्या हप्ता का अडकला ते विचारायला तालुक्याला जायच्या. ज्या बाईनं कधी उंबरा ओलांडला नव्हता ती इंजिनिअरला "सिमेंट कमी का?" म्हणून अडवायला लागली. बँक तीच, कर्ज तेच, सरकारी खातं तेच.

म्हणून मी मदतीच्या विरोधात नाही. पण इथं मागे एक सरकार होतं. त्याला मतं हवी होती, विधानसभेत उत्तर द्यावं लागत होतं. दक्षिण सुदानात स्वातंत्र्यापासून एकदाही निवडणूक झालेली नाही. दरवेळी पुढे ढकलतात, आता डिसेंबर २०२६ वर नेलीये. मार्च २०२५ मध्ये माचारना घरातच नजरकैदेत टाकलं, सप्टेंबरमध्ये देशद्रोहाचा खटला. मग कुणाच्या घरमालकाच्या खात्यात पैसा टाकणार? खातं उघडणारी बँक तरी पाहिजे ना.

हापसेवाला (जालना)

किल्लारीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. याच अंगानं एक प्रसंग सांगतो. १९९१ पासून डिंका आणि नुएर एकमेकांची गावं जाळत होते. दक्षिणेतलेच दोघे, खार्टूम बाजूला राहिलं. मोठमोठे नेते परदेशांत वाटाघाटी करून थकले. १९९९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या चर्चच्या परिषदेनं वुनलित नावाच्या खेड्यात दोन्ही जमातींच्या मुखियांची बैठक भरवली. विमानाचा, खाण्यापिण्याचा खर्च परदेशी संस्थांचा. विमान कशाला? तर नुएर मुखियांना डिंकांच्या मुलखातून चालत येणं म्हणजे मरणच होतं. आधी विश्वास बसावा म्हणून काही नुएर मुखिये डिंकांच्या गावी जाऊन राहिले, डिंका मुखिये लीरला.

बैठकीत पांढऱ्या बैलाचा बळी दिला आणि मग कित्येक दिवस नुसतं बोलणं. प्रत्येक गावानं आपल्यावर काय झालं ते उभं राहून सांगायचं, समोरच्यानं मध्ये बोलायचं नाही. शेवटी ठरलं: चराई आणि मासेमारीच्या जागा पुन्हा खुल्या, पळवलेल्या बायका-पोरं परत, हद्दीवर दोन्हीकडचे पहारेकरी. त्या पट्ट्यात ते बऱ्यापैकी टिकलं. २००५ च्या मोठ्या करारानंतर ओस्लोच्या परिषदेत देणगीदार देशांनी ४५० कोटी डॉलरचे वायदे केले, आणि जागतिक बँकेकडं ठेवलेल्या सामायिक निधीतला पैसा इतक्या संथ गतीनं बाहेर पडला की लोकांना शांततेचा फायदा म्हणून दाखवायला वर्षानुवर्षं काही नव्हतं. वुनलितचा खर्च त्यापुढं चिल्लर.

तेरणाकाठ (धाराशिव)

आणि २०१३ मध्ये वरच्या दोघांचं, म्हणजे डिंका कीर आणि नुएर माचार यांचं, बिनसल्यावर तेच डिंका, तेच नुएर पुन्हा. वुनलितचं काय झालं मग?

देवणी_डॉक्टर (उदगीर)

झालं ते वाईटच झालं. पण मुखियांनी केलेली तडजोड मुखिये मोडत नाहीत, ती जुबातून मोडली जाते, हे त्यातून दिसतं. आणि जुबावर वजन टाकायचं काम धान्य वाटणाऱ्यांचं नाही, ते देशादेशांचं. तिथंच सगळे कच्चे पडले. आपणही. ओएनजीसी विदेशनं २००३ मध्ये सुदानच्या एका मोठ्या तेल प्रकल्पात २५ टक्के हिस्सा घेतला, त्यातल्या बऱ्याच विहिरी आज दक्षिणेत आहेत. तेलाचे पैसे देणाऱ्यांनी हिशेब कधी मागितला?

शिक्षिका_नांदेड

मदतीत रस्ता मोजता का तुम्ही? जुबापासून युगांडाच्या हद्दीवरच्या निमुलेपर्यंतचा १९२ किलोमीटरचा डांबरी रस्ता अमेरिकेच्या पैशातून झाला, २०१२ मध्ये खुला झाला. देशातला पहिलाच डांबरी महामार्ग. आठ तासांचा प्रवास तीन तासांवर. भाजी, औषधं, वह्या-पुस्तकं सगळं त्यावरून येतं.

तेरणाकाठ (धाराशिव)

मोजतो ताई. त्याच रस्त्यावरून २०१६ मध्ये हजारो लोक युगांडात पळाले, तेही मोजतो. रस्ता नसता तर पळताही आलं नसतं, हे तुमच्या बाजूनं लिहून ठेवा.

काळीमाती (परभणी)

नाना, मला एक सांगा. तिकडं हापसे बसवले, ते दुरुस्त कोण करतंय? आपल्याकडं तुमचं पथक यायला पंधरा दिवस लागायचे. (रागावू नका.)

हापसेवाला (जालना)

रागावत नाही, कधीकधी महिना पण लागायचा. जीप एक आणि गावं ढीगभर.

हाच तर खरा प्रश्न आहे मामा. मार्क टूमध्ये वायसर बदलायचं तर खालचं सिलिंडर वर आणावं लागतं, म्हणजे सगळा जीआय पाइप एकेक करून उपसायचा. त्याला तिवई, क्लॅम्प, मोठे पाइप पान्हे आणि चार गडी पाहिजेत. एक पाइप हातून सुटला की बोअर कायमचा गेला. म्हणून पुढे मार्क थ्री आला. त्यात पाइप मोठ्या तोंडाचा घेतलाय, पिस्टन पाइपाच्या आतूनच रॉडसकट वर येतो. वायसर बदलायला दोन माणसं आणि दोन-तीन पाने पुरतात, गावातली बाईही शिकते. पाइप महाग पडतो, म्हणून खरेदी करणारे मार्क टूच घेतात आणि बसवलेल्या पंपांचा आकडा अहवालात मोठा दिसतो.

दक्षिण सुदानात गावोगाव पंप मेकॅनिक शिकवलेत, पाणी समित्या केल्यात, महिन्याला थोडे पैसे गोळा करतात. अडतं ते सुट्या भागांवर. साखळी, बेअरिंग, वायसर हे सगळं बाहेरून येणार, युद्धात दुकानदार पळालेला, आणि पंप बसवणारी संस्था प्रकल्प संपवून गेलेली. दोन गावांना एकच चालू हापसा उरला की रांगेत भांडण ठरलेलं, आणि तिथं रांगेतल्या भांडणात बंदूक निघते. मला कुणी विचारलं तर मी नव्या बोअरचा पैसा निम्मा करीन आणि तालुक्याच्या बाजारात सुट्या भागांचं दुकान काढायला एखाद्या तिथल्याच माणसाला भांडवल देईन.

देवणी_डॉक्टर (उदगीर)

आणि ते दुकान दोन जमातींच्या मध्ये काढा. वायसर घ्यायला दोघांनाही तिथंच यावं लागेल.

तेरणाकाठ (धाराशिव)

पहिल्याच महिन्यात शिपाई हप्ता मागायला येईल.

हापसेवाला (जालना)

येणारच. त्याच्या गावचा हापसा कुठला आहे ते आधी बघून ठेवायचं.